कंपनीचं कर्ज आणि गटाचं कर्ज : दोन्ही फेडून झाल्यावर

2017 साली मिरची कांडपाच्या मशीनसाठी मी एका मायक्रोफायनान्स कंपनीकडून 40 हजार घेतले. पुढे पिठाच्या गिरणीसाठी बचत गटातून 50 हजार. दोन्ही फिटली. इकडे साताऱ्याच्या माण तालुक्यात बायका अजून विचारतात, कुठलं घेऊ? म्हणून लिहिते.

कंपनीचं चांगलं आधी. पाचव्या दिवशी पैसे खात्यात. तारण नाही, सातबारा नाही. व्याज वर्षाला शेकडा 13 सांगितलं, हप्ते 2,100 चे 24. फी आणि विमा कापून हातात आले 38,700. लेकीनं वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला : भरायचे 50,400. मुद्दल दर महिन्याला फिटतंय, व्याज मात्र शेवटपर्यंत पुऱ्या 40 हजारांवर! घटत्या मुद्दलावर धरलं तर दर 23 टक्क्यांच्या वर जातो. म्हसवडला 1997 साली बायकांनी स्वतःची माणदेशी बँक उभी केली. त्या तालुक्यातल्या बाईला व्याज समजावून सांगायची गरज नाही, असं या लोकांना का वाटावं?

कांडप चालतं होळीपासून ज्येष्ठापर्यंत. पावसाळ्यात मशीनवर पोतं. हप्ता मात्र दर 7 तारखेला. एका जुलैत मला 900 रुपये कमी पडले. वसुलीचे सर ओट्यावर बसून राहिले, कंपनीनं एकमेकींना जामीन ठेवलेल्या आमच्या गटातल्या बाकी चौघींनाही उठू देईनात. रात्रीचे आठ वाजले. शेवटी एकीनं पोराच्या एसटी पासासाठी ठेवलेले पैसे पदरातून सोडून दिले. मी आठवड्यात परत केले, पण पुढं महिनाभर ती माझ्या दारात आली नाही. हे कर्जाच्या कुठल्या कार्डावर लिहून येत नाही.

2022 पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे : संध्याकाळी 6 नंतर तगादा नाही, वर्षाचा खरा दर आपल्याला कळेल अशा भाषेत लेखी द्यायचा, मुदतीआधी फेडलं तर दंड नाही. तो कागद मागून घ्या बायांनो.

गटाचं कर्ज लवकर मिळत नाही. ठराव, अकरा जणींच्या सह्या, मधेच बँकेचा मॅनेजर बदलला, पुन्हा ठराव. दिवाळीला हवी असलेली गिरणी संक्रांतीला आली. अध्यक्षांच्या जावेचा नंबर माझ्या आधी लागला, तेही मी बैठकीत बोलून दाखवलं. पण सरकारच्या ‘उमेद’ अभियानातल्या बचत गटाला बँकेचं 3 लाखांपर्यंतचं कर्ज 7 टक्क्यांनी मिळतं. आम्ही गटाला महिन्याला शेकडा 1 देतो, तेही उरलेल्या मुद्दलावर, आणि वरचा फरक गटाच्याच पेटीत राहतो. माझे हप्ते आम्ही बसून ठरवले : उन्हाळ्यात दुप्पट, आषाढ-श्रावणात नुसतं व्याज. इतिवृत्तात तसं लिहिलं.

आता शेवयांच्या मशीनसाठी गटाकडेच अर्ज दिलाय. बँकेच्या हेलपाट्यांत जाणारा वेळ धरून, श्रावणातच.