पाकीट चोराने मारले, ओटीपी मात्र मीच सांगितले

चार महिन्यांपूर्वी गर्दीच्या बसमधून उतरताना माझे पाकीट मारले गेले. त्यात २,३४० रुपये रोख, एक डेबिट कार्ड, पॅन कार्ड, आधारची घडी घातलेली झेरॉक्स आणि माझी दोन व्हिजिटिंग कार्डे होती. पाकीट गेले यात माझी चूक होती असे मी मानत नाही. त्या गर्दीत ते कोणाचेही गेले असते. पुढच्या चुका मात्र माझ्या आहेत आणि त्या लिहिताना आजही लाज वाटते.

ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये राहिले असेल या आशेवर मी एक तास चाळीस मिनिटे शोधाशोध करत बसलो. मोबाइल सायलेंटवर होता. तेवढ्या वेळात कार्डावरून ४,९००, ४,७५० आणि ४,९८० असे तीन व्यवहार होऊन १४,६३० रुपये गेले. ५,००० रुपयांपर्यंत कार्ड यंत्राला नुसते टेकवले तरी चालते, पिन लागत नाही, हे चोराला पक्के ठाऊक होते. ही सोय बँकेच्या ॲपमधून बंद करता येते. वापरत नसाल तर आजच बंद करा. आणि पाकीट दिसत नाही म्हटल्यावर आधी कार्ड ब्लॉक करा, शोधायचे ते नंतर शोधा.

दोन दिवसांनी एका माणसाचा फोन आला. ‘‘साहेब, तुमचं पाकीट मला सापडलंय. पैसे नाहीत, पण कागदपत्रं आहेत. कार्डावर नंबर होता म्हणून फोन केला.’’ कुरियरने पाठवतो, बुकिंगसाठी तुमच्या मोबाइलवर नंबर येतील तेवढे सांगा, असे तो म्हणाला. बँकेतून बोलतो म्हणणाऱ्या कित्येकांचे फोन मी आजवर कापले आहेत. हा माणूस पैसे मागत नव्हता, माझीच वस्तू परत देत होता, आणि पॅन कार्डासाठी पुन्हा खेटे घालावे लागणार नाहीत या सुटकेने मी हुरळून गेलो होतो. वीस मिनिटांत तीन ओटीपी आले आणि तिन्ही मी एकेक आकडा सावकाश उच्चारून सांगितले.

त्या संदेशांत सहा आकड्यांच्या शेजारीच ‘आधार’ हा शब्द होता. कुरियरवाल्याला माझ्या आधारची पडताळणी कशासाठी हवी, एवढा एकच प्रश्न मला पडला असता तर पुढचे काहीही घडले नसते. मी फक्त आकडे वाचले. हा क्षण रोज रात्री डोळ्यांसमोर येतो.

सात आठवड्यांनी वसुलीवाल्याचा फोन आला तेव्हा कळले की माझ्या नावाने एक बँक खाते उघडले गेले होते, एका कर्ज देणाऱ्या ॲपवरून ४८,००० रुपयांचे कर्ज त्यात जमा झाले होते आणि दंड-व्याजासह मागणी ५१,२६० रुपयांवर गेली होती. पाकीट किंवा कागदपत्रे गेली की पुढचे काही महिने क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे आपल्या नावावरच्या कर्जांची नोंद, काढून पाहत जा. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हायमार्क या चारही संस्थांनी वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत द्यायचा असतो, त्यामुळे आलटून पालटून मागवले तर दर तीन महिन्यांनी नजर राहते.

आता यंत्रणेबद्दल. चोरीच्या दिवशीच मी पोलीस ठाण्यात गेलो होतो. ‘‘चोरी कशावरून? पडलं असेल. गहाळ लिहा,’’ असे सांगून मला गहाळ दाखला देण्यात आला आणि घाईत मी सही केली. तोच कागद पाहून बँकेने चोरी झाल्याचे सिद्ध होत नाही म्हटले. वर पिन नीट न सांभाळल्याचा ठपका ठेवला, जेव्हा तिन्ही व्यवहारांत पिन वापरलाच गेला नव्हता! ग्राहकाचा दोष असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर आहे, हे रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात स्पष्ट लिहिले आहे. मी ते छापून नेले; समोरच्या अधिकाऱ्याने उलटूनही पाहिले नाही. कर्जाबद्दल पुन्हा पोलिसांकडे गेलो तर त्यांनी सायबर शाखेकडे पाठवले आणि सायबर शाखेने हद्दीचे कारण सांगून परत पाठवले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्द न पाहता नोंदवायची असते. दुसऱ्याची ओळख वापरून फसवणाऱ्यासाठी माहिती तंत्रज्ञान कायद्यात ६६ सी (66C) हे स्वतंत्र कलम आहे, तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. मग सामान्य माणसाला चार टेबलांवरून का फिरवले जाते? चोरी असेल तर ‘चोरी’ असेच लिहून घ्या, ‘गहाळ’वर सही करू नका, आणि ठाण्यात ऐकले नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवा.

पैसे गेल्याचे दिसताच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा; मी हा फोन करायलाही उशीर केला. आधारचे बायोमेट्रिक (बोटांचे ठसे वगैरे) लॉक करा. झेरॉक्स द्यावीच लागली तर शेवटचे चारच आकडे दिसणारे मास्क्ड आधार द्या, आणि पाकिटात तर आधारची कोणतीच प्रत ठेवू नका. आपल्या नावावर किती सिम आहेत ते ‘संचार साथी’ या सरकारी पोर्टलवर पाहता येते.

क्रेडिट रिपोर्टमधली चूक ३० दिवसांत दुरुस्त झाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याचा नियम आहे. माझ्या तक्रारीला आज एकेचाळीस दिवस झाले. कर्ज देणारी कंपनी म्हणते चौकशी सुरू आहे, रिपोर्ट देणारी संस्था म्हणते कंपनीने कळवल्याशिवाय बदल होणार नाही. बँकेविरुद्धची तक्रार मी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे नेली आहे. ते तीन संदेश मी अजून पुसलेले नाहीत, कारण प्रत्येक ठिकाणी पहिल्यांदा तेच दाखवावे लागतात.