रिंगच्या नावाखाली जुनं सामान आमच्या गळ्यात मारलं

लेकराच्या पायाला रिंग बसवायची असं डॉक्टरांनी सांगितलं असेल, तर पैसे देण्याआधी हे वाचा.

आम्ही केज तालुक्यातले. मुलगा १४ वर्षांचा. लहानपणी ट्रॉलीवरून पडला, गुडघ्याखालच्या हाडाची वाढ एका अंगानं थांबली. नडगी वाकली, पाय ३ सेंटिमीटर आखूड राहिला. लातूरच्या डॉक्टरांनी इलिझारोव्ह सांगितलं. रशियातल्या कुर्गानच्या डॉक्टर इलिझारोव्हनं शोधलेली ही पद्धत. हाड कापतात, तारा आरपार घालून भोवतीच्या रिंगांना ताणून बांधतात. आठवडाभरानं रिंगा जोडणाऱ्या आट्यांच्या रॉडवरचे नट फिरवायला लागायचं. दर सहा तासांनी पाव फेरा, म्हणजे कापलेल्या जागी दिवसाला १ मिलिमीटर फट वाढते. फटीत नवं हाड भरत जातं. पद्धतीला माझा बोल नाही.

दवाखान्याच्या दारातच एक जण भेटला. "सरकारी योजनेत हलकं सामान मिळतं मामा, मी इम्पोर्टेड देतो." ६८ हजार रोख मागितले. दुभती म्हैस विकली. दवाखान्यात योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राला साधं विचारलंसुद्धा नाही. बिल मागितलं तर म्हणाला, "मागाहून देतो." पेटी परस्पर ऑपरेशनला गेली, आम्ही उघडी पाहिलीच नाही.

बायको रात्री दोनचा गजर लावून उठायची, पान्ह्यानं नट फिरवायची, वहीत टिपायची. वहीप्रमाणे १२ मिलिमीटर झाले होते. एक्स-रेत फट जेमतेम ४. आमचीच चूक समजून ती दोन दिवस जेवली नाही.

छत्रपती संभाजीनगरला दाखवलं. तिथल्या डॉक्टरांनी रॉडवर बोट फिरवून सांगितलं, आटे झिजलेत, नट नुसता सरकतोय. रिंगांवर जुन्या पान्ह्याचे ओरखडे होते. दुसऱ्या कुणाच्या पायावरून उतरवलेलं ते सामान. रिंगा निर्जंतुक करून पुन्हा वापरतात, हे मला तिथंच कळलं. पण ते सांगून, नव्याचे पैसे घेऊन नव्हे. तोवर फटीतलं हाड वेळेआधीच जुळून आलं होतं. लेकराचं हाड दुसऱ्यांदा कापावं लागलं.

बाबांनो, सामान दवाखान्यामार्फतच घ्या. पेटी तुमच्यासमोर उघडायला लावा, कंपनीचं नाव आणि नंबर बिलावर लिहून घ्या. एक्स-रे ठरल्या तारखेलाच काढा.

त्या माणसाचा फोन बंद आहे. पोलिसांनी पहिल्यांदा बिलच मागितलं.