धरणग्रस्त गावासाठी: पर्यावरण जनसुनावणी की सामाजिक परिणाम मूल्यांकन?

केंद्राच्या 2006 च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन अधिसूचनेनुसार होणारी पर्यावरण जनसुनावणी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ घेते. सूचना किमान 30 दिवस आधी यावी लागते, गणपूर्तीची, म्हणजे किमान उपस्थितीची, अट नसते. गावाला मराठीत मिळतो तो फक्त सारांश. पाणी, माती, जंगलाचे तक्ते मूळ जाडजूड इंग्रजी अहवालात. शेवटी इतिवृत्त, म्हणजे सुनावणीत काय झालं त्याची नोंद, उपस्थितांना वाचून दाखवायचं असतं. लोक जेवायला उठतात आणि नेमकं तेव्हाच ते वाचलं जातं. थांबा, आपला आक्षेप त्यात आहे का ते ऐका. लेखी प्रतीवर पोच घ्या.

2013 च्या भूसंपादन कायद्यातलं सामाजिक मूल्यांकन माणसांपासून सुरू होतं. मुदत 6 महिने, मग तो अहवाल तपासणारा 7 जणांचा तज्ज्ञ गट. त्यात ग्रामसभेचे किंवा पंचायतीचे 2 प्रतिनिधी. सातबाऱ्यावर नाव नसलेला शेतमजूरही बाधित ठरतो, पण संपादनाआधी 3 वर्षं तिथे राबल्याचं दाखवावं लागतं. याद्या करताना नेमकी हीच माणसं गळतात, कारण ती त्या वेळी ऊसतोडीला गेलेली असतात.

न्यायाच्या दृष्टीने दुसरी वाट सरस. पण सिंचन प्रकल्पाला पर्यावरणीय मूल्यांकन लागू असेल, तर सामाजिक मूल्यांकनाच्या तरतुदी लागू होत नाहीत. म्हणून मजुरांची, मेंढपाळांची, मासेमारांची यादी ग्रामसभेच्या ठरावासह जनसुनावणीतच द्या.