क्रूझचा अनुभव: जहाज झकास, जहाजावरचं खातं मात्र डोकेदुखी

जेवण, शो, तरणतलाव, केबिनची साफसफाई यांची वर्णनं हवी तेवढी वाचायला मिळतात, म्हणून ती इथे नाहीत. मोठ्या जहाजांवर या बाबतीत तक्रारीला फारशी जागाही नसते. हे सगळं लिहितोय ते जहाजावर आपल्या नावाने उघडलं जातं त्या खात्याबद्दल. निमित्त झालं एका हुकलेल्या बंदराचं. वारा जोरात असल्यामुळे जहाज धक्क्याला लागलंच नाही. बंदराचं शुल्क परत मिळायला हवं होतं, ते शेवटच्या रात्रीच्या बिलात नव्हतं, आणि काउंटरवरचं उत्तर होतं, ‘घरी गेल्यावर ईमेल करा.’ कंपनीचं नाव सांगून उपयोग नाही, कारण खात्याची रचना सगळ्याच मोठ्या कंपन्यांत थोड्याफार फरकाने हीच आहे.

जहाजावर रोख जवळपास चालतच नाही. चढायच्या आधी बँकेचं कार्ड नोंदवायचं, मग केबिनची किल्ली असलेलं कार्ड किंवा मनगटावरचा पट्टा हेच पाकीट. कॉफी, फोटो, स्पा, किनाऱ्यावरची सहल, डॉक्टर, सगळं एका टिचकीत खात्यावर. खर्च होतोय हे जाणवत नाही, आणि कंपनीला तेच हवं असतं.

पहिली अडचण ‘होल्ड’ची. जहाज तुमच्या कार्डावर अंदाजे रक्कम अडकवून ठेवतं आणि खर्च वाढला की आणखी अडकवतं. क्रेडिट कार्ड असेल तर फक्त मर्यादा कमी दिसते. डेबिट कार्ड असेल तर बचत खात्यातले खरे पैसे अडकतात, आणि बिल चुकतं झाल्यावरही होल्ड सुटायला बरेच दिवस लागू शकतात. म्हणजे काही दिवस बिलही कापलेलं आणि होल्डही कायम, असा दुहेरी फटका. त्यामुळे डेबिट कार्ड नोंदवूच नये. क्रेडिट कार्ड नसेल तर पहिल्याच दिवशी गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवर रोख अनामत भरता येते का ते विचारावं. बहुतेक ठिकाणी येते, उरलेली रक्कम शेवटी परत मिळते.

दुसरी अडचण चलनाची. जहाजाचं चलन साधारणपणे डॉलर, युरो किंवा पौंड. काही कंपन्या बिल परस्पर तुमच्या कार्डाच्या चलनात बदलून आकारतात आणि त्या दरात स्वतःचा वाटा घालतात. ऑनलाइन चेक-इनच्या लांबलचक अटींत याला आपली संमती आधीच गृहीत धरलेली असू शकते. काउंटरवर जाऊन ‘जहाजाच्याच चलनात आकारा’ असं सांगितलं की ते बंद होतं, पण सांगायचं पहिल्या-दुसऱ्या दिवशी. बिल बंद झाल्यावर काही करता येत नाही.

आता टिप. बहुतेक मोठ्या कंपन्या माणशी, दर दिवशी ठरलेली टिप आपोआप खात्यावर टाकतात, आणि लहान मुलांनाही सहसा सूट नसते. चौघांच्या केबिनमध्ये आठवडाभराची टिप म्हणजे माणशी दराच्या 28 पट. तिकिटाच्या जाहिरातीत हा आकडा शोधून सापडत नाही, म्हणून सफरींची तुलना करताना तिकीट, बंदर-शुल्क आणि टिप अशी तिन्हींची बेरीज करूनच करावी. काही महागड्या कंपन्या टिप तिकिटातच धरतात, आणि एकूण बेरजेत त्या कधीकधी तेवढ्या महाग राहत नाहीत. ही टिप काउंटरवर जाऊन काढून टाकण्याचा सल्ला बरेच काटकसरी प्रवासी देतात. तो मला पटत नाही. केबिन साफ करणाऱ्यांच्या आणि वाढप्यांच्या कमाईत तिचा मोठा हिस्सा असतो. हात आखडता घ्यायला जहाजावर इतर जागा पुष्कळ आहेत.

त्यातली सर्वांत मोठी जागा म्हणजे पेयांच्या पावतीवरची कोरी ओळ. बारमध्ये प्रत्येक पेयावर सेवा शुल्क आधीच लावलेलं असतं. मोठ्या अमेरिकी कंपन्यांत ते साधारण 18 ते 20 टक्के. ते पावतीत बारीक अक्षरात छापलेलं, त्याच्याखाली बेरीज, आणि बेरजेखाली ‘अतिरिक्त टिप’साठी ठळक रिकामी जागा. घाईत, दिवे मंद असताना, हातात पेन आलं की माणूस तिथे आकडा लिहितो आणि एकाच ग्लासावर दोनदा टिप देतो. त्या जागेवर आडवी रेघ मारा आणि एकूण रक्कम स्वतःच्या हाताने लिहा. रेघ न मारता नुसती सही करून पावती सोडू नका. एवढी साधी गोष्ट, पण बिलावर तिचा परिणाम कुठल्याही सवलतीपेक्षा जास्त दिसतो, कारण पावती दिवसातून चार-पाच वेळा समोर येते.

पेयांच्या पॅकेजचा हिशोब करताना दिवसाच्या दराला एका पेयाच्या सेवा शुल्कासह किमतीने भागावं. येईल तितकी पेयं रोज घेतली तर बरोबरी. पॅकेजच्या दरावरही सेवा शुल्क लागतं, तेही भागाकारात धरायचं. शिवाय पॅकेज संपूर्ण सफरीसाठी घ्यावं लागतं, म्हणजे बंदराच्या दिवशी सकाळी आठ ते संध्याकाळी पाच तुम्ही जहाजावर नसलात तरी पैसे चालूच. अनेक कंपन्यांत केबिनमधल्या एका प्रौढाने मद्याचं पॅकेज घेतलं तर दुसऱ्यालाही घ्यावं लागतं. ‘अमर्याद’ या शब्दालाही मर्यादा असते: कार्निव्हल कंपनीच्या ‘चीअर्स’ पॅकेजमध्ये चोवीस तासांत 15 मद्यपेयं, त्यापुढे बंद. ज्या सफरीत अख्खे दिवस समुद्रावरच जातात तिथे पॅकेज परवडू शकतं. रोज नवं बंदर असेल तर ती चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. पाण्याच्या बाटल्यांचं पॅकेज तर कुठल्याच सफरीत घेऊ नये. जहाजावरचं नळाचं पाणी समुद्राच्या पाण्याची वाफ करून किंवा रिव्हर्स ऑस्मोसिसने बनवतात किंवा बंदरातून भरून घेतात, क्लोरीन घालून तपासतात, आणि ते पिण्यायोग्य असतं. केबिनमध्ये टेबलावर मांडलेल्या, गळ्यात छोटं लेबल अडकवलेल्या बाटल्या मात्र बहुतेकदा विकतच्या. रिकामी बाटली घरून न्यावी.

‘ऑनबोर्ड क्रेडिट’, म्हणजे जहाजावर खर्चायला कंपनीने खात्यावर जमा केलेली रक्कम, हा शब्द बुकिंगच्या वेळी फार गोड वाटतो. त्यात दोन प्रकार असतात, परत मिळणारं आणि न मिळणारं. न मिळणारं क्रेडिट शेवटच्या रात्री शिल्लक राहिलं तर बुडतं. इथे एक मेख आहे. टिप आधीच घरून भरून टाकली की खात्यावरचा रोजचा ठरलेला खर्चच संपतो, आणि क्रेडिट संपवण्यासाठी मग गरज नसलेला मसाज घ्यावा लागतो. बहुतेक कंपन्यांत क्रेडिट आपोआप टिपेवर वळतं, म्हणून क्रेडिट मिळालेलं असेल तर टिप आधी भरू नये. फक्त टिपेचा दर सफरीआधी वाढण्याची शक्यता तेवढी लक्षात ठेवावी.

ज्यावरून एवढं लिहायला घेतलं ते बंदर. हवामान, यंत्रातला बिघाड किंवा धक्क्यावरची गर्दी अशा कारणांनी बंदर वगळण्याचा किंवा बदलण्याचा हक्क तिकिटाच्या करारात कंपनीने स्वतःकडे ठेवलेला असतो. सहसा परत मिळतं ते फक्त त्या बंदराचं शुल्क आणि कर, आणि तेही बरेचदा खात्यावर क्रेडिट म्हणून. जहाजाकडून घेतलेल्या सहलीचे पैसे आपोआप परत येतात. बाहेरच्या आयोजकाकडून घेतलेल्या सहलीचे पैसे त्याच्या अटींवर अवलंबून. घोषणा झाली की त्याच संध्याकाळी काउंटरवर जाऊन विचारायचं: रक्कम किती, परत मिळणारी की न मिळणारी, खात्यावर कधी दिसणार. उत्तर लेखी घ्यावं, निदान जहाजाच्या ॲपमधल्या चॅटवर तरी. तोंडी ‘होऊन जाईल’ला शेवटच्या दिवशी काही किंमत नसते. धक्का नसलेल्या बंदरांत छोट्या टेंडर बोटींनी उतरवतात, तिथे लाटा उंच झाल्या की बंदर रद्द होण्याची शक्यता जास्त. अशा बंदरासाठी बाहेरची सहल घेताना ‘जहाज न आल्यास पूर्ण परतावा’ ही अट वाचूनच घ्यावी.

बाहेरच्या सहली स्वस्त असतात आणि गटही लहान असतो, पण उशीर झाला तर जहाज तुमच्यासाठी थांबत नाही. जहाजाच्या सहलीला उशीर झाला तर थांबतं किंवा पुढच्या बंदरापर्यंत पोचवण्याची सोय करतं. परत चढायची वेळ सुटण्याच्या सहसा अर्धा ते एक तास आधीची असते आणि ती जहाजाच्या घड्याळाप्रमाणे. फोन मात्र किनाऱ्यावरची वेळ आपोआप लावून बसतो. साधं मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवावं.

इंटरनेटबद्दल मत बदलावं लागलं आहे. जुन्या उपग्रहांवर चालणारं वाय-फाय इतकं रडत चालायचं की पॅकेज म्हणजे पैसे पाण्यात. 2022 पासून रॉयल कॅरिबियनने आणि नंतर इतरांनीही स्टारलिंक हे नव्या उपग्रहांवरचं वेगवान इंटरनेट बसवायला सुरुवात केली, आणि अशा जहाजांवर व्हिडिओ कॉलसुद्धा नीट होतो. त्यामुळे कामाचे ईमेल बघणं टाळता येत नसेल तर एका उपकरणाचं पॅकेज घ्या, सफरीआधीच घ्या, कारण चढल्यावर दर सहसा जास्त असतो. आणि एका फोनवरून लॉगआउट करून दुसऱ्यावर लॉगइन करा. धोका वेगळाच आहे. जहाज खोल समुद्रात गेलं की जहाजाचंच मोबाइल नेटवर्क सुरू होतं आणि फोन ते गुपचूप पकडतो. हा खर्च जहाजाच्या खात्यावर दिसत नाही, तुमच्या मोबाइल कंपनीच्या बिलात येतो, आणि सागरी रोमिंग देशोदेशीच्या नेहमीच्या रोमिंग पॅकमध्ये बहुधा धरलेलं नसतं. सुटण्यापूर्वी एअरप्लेन मोड लावून नंतर फक्त वाय-फाय चालू करायचं.

केबिनबाबत थोडक्यात. वरखाली दोन्ही बाजूंना केबिनच असलेला मजला घ्यावा. तरणतलावाच्या डेकखाली पहाटेपासून खुर्च्या सरकवल्याचा आवाज येतो. पुढच्या टोकाला खालच्या मजल्यावर बंदरात शिरताना बाऊ थ्रस्टर (जहाज आडवं सरकवणारे पुढच्या टोकाचे पंखे) सुरू झाले की पलंग थरथरतो. मळमळीची भीती असेल तर मधला भाग, खालचा मजला. स्टॅबिलायझरचे पंख जहाजाचं डावं-उजवं डोलणं कमी करतात, पुढचं-मागचं हेलकावणं नाही, म्हणून टोकाच्या केबिनमध्ये त्रास जास्त. मळमळीची गोळी डॉक्टरांना विचारून, लाटा सुरू व्हायच्या आधी घ्यावी. सुरू झाल्यावर उपयोग कमी होतो.

सर्ज प्रोटेक्टर (विजेचा दाब अचानक वाढला तर उपकरणं वाचवणारा भाग) असलेलं एक्स्टेन्शन सामानाच्या तपासणीत काढून घेतात, आणि त्यावर भांडण्यात अर्थ नाही. जहाजाच्या वीजव्यवस्थेत किनाऱ्यावरच्यासारखी जमिनीला जोडलेली न्यूट्रल नसते, दोन्ही तारांत दाब असतो. घरगुती सर्ज प्रोटेक्टर अशा जोडणीत तापून पेट घेऊ शकतो. अमेरिकी तटरक्षक दलाने 2013 मध्ये याबद्दल इशारा दिलेला आहे. सर्ज प्रोटेक्शन नसलेला यूएसबी चार्जर सहसा चालतो. भिंती बहुधा पोलादी असतात, त्यामुळे चुंबकाचे हुक ओल्या कपड्यांसाठी फार कामाचे.

डॉक्टरचा खर्चही त्याच खात्यावर. विमा असला तरी पैसे आधी भरायचे आणि नंतर दावा करायचा, म्हणून वैद्यकीय अहवाल आणि तपशीलवार बिल उतरण्यापूर्वीच मागून घ्यावं. विम्यात समुद्रातून रुग्णालयात हलवण्याचा खर्च धरला आहे का ते आधी पाहावं. जुलाब-उलट्यांच्या साथीत नोरोव्हायरसचं नाव हमखास असतं. त्याच्यावर दारातल्या सॅनिटायझरचा फारसा परिणाम होत नाही, साबणाने 20 सेकंद हात धुवावे लागतात. बुफेच्या चमच्यांना हात लावल्यानंतर आणि जेवायला बसण्यापूर्वी धुवावेत; लोक नेमके उलट क्रमाने धुतात.

तर पुन्हा बिल. ॲपवर किंवा केबिनच्या टीव्हीवर खातं रोज झोपण्यापूर्वी बघावं, प्रत्येक पावतीचा फोटो ठेवावा आणि न उमजलेली नोंद दुसऱ्याच दिवशी विचारावी. मिनीबारच्या नोंदी हमखास चुकतात: फ्रीजमध्ये स्वतःची वस्तू ठेवायला बाटली बाजूला सरकवली तरी ती घेतली असं धरलं जाऊ शकतं. पहिल्या दिवशीच फ्रीज रिकामा करून न्यायला सांगितलं की प्रश्न मिटतो. काउंटरवर सगळ्यांत कमी गर्दी बंदराच्या दिवशी दुपारी, सगळ्यांत जास्त शेवटच्या संध्याकाळी. शेवटच्या आदल्या रात्रीपर्यंत सगळे वाद मिटवून टाकावेत. अंतिम बिल ईमेलने आलं तरी खातं सकाळपर्यंत उघडंच असतं, उतरण्यापूर्वी घेतलेली कॉफी त्यात नंतर चढते. म्हणून जहाजाचं वाय-फाय सुटायच्या आत नवं बिल ॲपमधून उतरवून घ्या, आणि होल्ड व प्रत्यक्ष कापलेली रक्कम यांची बँकेच्या नोंदींशी दोन आठवड्यांनी पुन्हा एकदा पडताळणी करा.