बायोटेक स्टार्टअप कुठे थाटावा: बॉस्टनशेजारचं केंब्रिज, मार्टिन्सरीड की मेडिकॉन व्हॅली?

प्रयोगशाळेतला शोध औषधापर्यंत नेता येईल असं वाटू लागलं, की जागेचा प्रश्न उभा राहतो. क्लस्टरांची, म्हणजे एकाच क्षेत्रातल्या कंपन्या आणि संस्था जिथे एकवटतात त्या परिसरांची, माहितीपत्रकं एकाच साच्यातली असतात: नामांकित विद्यापीठ, शेजारी इस्पितळ, इनक्युबेटर (नव्या कंपन्यांना जागा आणि मदत देणारं केंद्र), गुंतवणूकदार. मी मात्र आधी एकच विचारीन: शोधाचा मालक कोण?

याचं उत्तर सर्वांत गुंतागुंतीचं आहे ते डेन्मार्कमधलं कोपनहेगन आणि स्वीडनमधलं लुंड मिळून झालेल्या मेडिकॉन व्हॅलीत. 2000 मध्ये या दोन देशांना जोडणारा ओरेसुंड पूल खुला झाला आणि दोन्ही काठांवरच्या संशोधकांची रोजची ये-जा सोपी झाली. कायदा मात्र पुलापाशी बदलतो. स्वीडनमध्ये विद्यापीठातल्या शिक्षक-संशोधकाचा शोध आजही त्याच्याच मालकीचा असतो. डेन्मार्कमध्ये 2000 पासून त्यावर संस्थेला हक्क सांगता येतो. लुंडमध्ये तुम्ही कंपनी काढायची ठरवलीत तर परवानगीसाठी थांबावं लागत नाही, पण पेटंटचा खर्च आणि खटाटोप तुमच्याच गळ्यात. कोपनहेगनला वाटाघाटी विद्यापीठाच्या कार्यालयाशी. वेळ जातो, पण सुरुवातीचा भार संस्था उचलू शकते. दोन्ही काठांवरचे संशोधक एकत्र काम करत असतील तर मालकीची वाटणी पहिल्याच महिन्यात कागदावर आणा. हे काम पुढे ढकलू नका, गुंतवणूकदार पहिल्यांदा तेच कागद मागतो.

मार्टिन्सरीड ज्या देशात आहे त्या जर्मनीनं प्राध्यापकांचा हा हक्क 2002 मध्ये काढला, मात्र विद्यापीठानं शोधातून मिळवलेल्या उत्पन्नाचा 30 टक्के वाटा शोधकाला ठेवला. अमेरिकेत 1980 च्या बे-डोल कायद्यानं सरकारी पैशातून लागलेल्या शोधांची मालकी विद्यापीठांना ठेवता येते, म्हणून तिथे विद्यापीठाकडून परवाना घेऊनच कंपनी उभी राहते.

भांडवलाच्या बाबतीत केंब्रिजच्या केंडल स्क्वेअर या बायोटेक कंपन्यांच्या भागाशी बरोबरी कठीण. 1977 मध्ये, मोठ्या वादानंतर, या शहरानं जनुकीय संशोधनाचे नियम लिहून काढले. त्यामुळे काय चालेल, काय नाही, हे कंपन्यांना आधीच कळलं; 1982 मध्ये बायोजेन ही बायोटेक कंपनी तिथे आली. 2013 पासून लॅबसेंट्रलमध्ये सामायिक प्रयोगशाळेतलं एखादं टेबलही भाड्यानं मिळतं. पण भाडी आणि पगार दोन्ही चढे, आणि तुमचा चांगला माणूस समोरच्या इमारतीतली कंपनी सहज उचलते.

म्युनिकजवळच्या मार्टिन्सरीडची गोष्ट थोडक्यात: माक्स प्लांक संस्था, विद्यापीठाचे विभाग आणि ग्रोसहाडर्नचं इस्पितळ पायी जाण्याच्या अंतरात, आणि 1995 पासून स्टार्टअपसाठी इनक्युबेटर.

मोठी कंपनी निघून गेली तर काय उरतं, हेही पाहा. अ‍ॅस्ट्राझेनेकानं 2010 मध्ये लुंडचं केंद्र बंद करायचं जाहीर केलं. त्याच इमारतींत 2012 मध्ये मेडिकॉन व्हिलेज हे विज्ञान-संकुल सुरू झालं. तयार प्रयोगशाळा आणि अनुभवी माणसं छोट्या कंपन्यांच्या वाट्याला आली. मार्टिन्सरीडच्या परिसरात वाढलेली बायोटेक कंपनी मॉर्फोसिस 2024 मध्ये नोव्हार्टिसनं घेतली आणि तिथलं केंद्र बंद करण्याचा निर्णयही त्याच वर्षी आला.

माझं मत विचाराल तर पहिल्या दोन वर्षांतच मोठी रक्कम लागणार असेल तर केंब्रिज. रुग्णांच्या नमुन्यांवर वारंवार काम असेल तर मार्टिन्सरीड. शोध अजून कच्चा आहे आणि त्यावरचा ताबा सोडायचा नाही, अशांनी आधी लुंडला नोकरी शोधावी, कंपनी नंतर.