दोन हजार डॉलरमध्ये फुल-सस्पेन्शन: सिस्किऊ, रिफ्ट झोन की स्टान्स?

बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास, ट्रेल रायडिंगची (डोंगर-जंगलातल्या पायवाटांवर माउंटन बाइक चालवायची) चटक लागलेल्या आपल्या मंडळींचं एक ठरलेलं आहे, वर्षभर हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली सायकल) चालवायची, मग मुळं-दगडांवर कंबर बोलायला लागली की विचारायचं फुल-सस (पुढे-मागे दोन्हीकडे सस्पेन्शन असलेली) घ्यायचीय, बजेट दीड ते दोन-सव्वादोन हजार डॉलर, कुठली घेऊ. या रेंजमध्ये फिरून फिरून तीन नावं समोर येतात, पॉलिगॉन सिस्किऊ टी८, मरिन रिफ्ट झोन २९ आणि जायंट स्टान्स २९. माझं मत आधीच सांगून टाकतो: ॲलन की हातात घेऊन सायकल उघडायची सवय असेल तर सिस्किऊ, जवळच्या दुकानाचा आधार हवा असेल तर रिफ्ट झोन, आणि स्टान्स भरपूर डिस्काउंटमध्ये मिळाली तरच.

आणि बजेट दीड हजाराच्या बरंच खाली असेल तर नवी फुल-सस घेऊच नका, खरंच सांगतो. मागचा शॉक (मागच्या चाकाचे झटके झेलणारा भाग), पिव्हट (फ्रेमचे हलणारे सांधे), बेअरिंग यातच पैसे संपतात आणि मग कंपनी फोर्क (पुढच्या चाकाचं सस्पेन्शन) आणि ब्रेकमध्ये हात आखडता घेते. त्याच पैशात हार्डटेल कितीतरी भारी मिळते.

बघताना बहुतेक जण आधी डिरेलर (गिअर बदलणारा भाग) बघतात, शिमानोचा एसएलएक्स आहे की त्याखालचा डिओर. त्याने काही बिघडत नाही, डिओर मस्त चालतं आणि झिजलं की बदलता येतं. फोर्क बदलायला गेलात तर मात्र सहज सहा-सातशे डॉलर जातात आणि फ्रेमची जॉमेट्री (नळ्यांची लांबी आणि कोन) तर बदलताच येत नाही. म्हणून आधी फ्रेम, मग फोर्क, मग ब्रेक आणि ड्रॉपर पोस्ट (चालवताना बटणाने सीट खाली-वर करणारी दांडी), गिअर सगळ्यात शेवटी.

सिस्किऊ टी८ इथेच बाजी मारते. पॉलिगॉन ही इंडोनेशियाची कंपनी, स्वतःच्या कारखान्यात बनवते आणि अमेरिकेत मुख्यतः ऑनलाइन विकली जाते, नेहमीचा डीलर मध्ये नाही, त्यामुळे त्याच किमतीत पार्ट एक पायरी वरचे येतात. २९ इंची चाकात मागे १३५ मिमी आणि पुढे १४० मिमी ट्रॅव्हल (सस्पेन्शन जास्तीत जास्त किती दबतं ते), फॉक्स या सस्पेन्शन कंपनीचा ३४ ऱ्हिदम फोर्क, मागे फॉक्सचाच शॉक, शिमानोचे १२ गिअर, चार पिस्टनचे ब्रेक, ड्रॉपर सोबतच. (लहान साइझमध्ये २७.५ इंची चाक आणि थोडा जास्त ट्रॅव्हल मिळतो.) ऱ्हिदम हा फॉक्सचा स्वस्त आणि जरा जड फोर्क, पण ३४ मिमीच्या नळ्या असल्यामुळे एल कॉर्टे दे मदेराच्या जंगलातल्या उतारावर रेडवुडची मुळं एकामागोमाग येतात तेव्हा हँडल इकडेतिकडे पळत नाही, आणि हा फरक पहिल्याच उतारावर हाताला कळतो.

तोटा एवढाच की सायकल खोक्यात घरी येते. हँडल, पुढचं चाक, पेडल लावणं फार अवघड नाही, पण ब्रेक घासत असेल किंवा गिअर नीट बसत नसेल तर कुणाकडे जायचं हे आधीच ठरवून ठेवा, कारण ऑनलाइन घेतलेल्या सायकलीला काही दुकानं हात लावायला कां कू करतात. शिवाय बसून बघता येत नाही, तेव्हा साइझ घेताना नुसत्या उंचीवर जाऊ नका, आत्ताच्या सायकलीचा रीच (पेडलच्या आसापासून हँडलच्या नळीपर्यंतचं आडवं अंतर) मोजा आणि चार्टशी ताडून बघा.

मरिन हे तर इथलंच नाव, गोल्डन गेटच्या पलीकडच्या मरिन काउंटीवरून घेतलेलं, जिथे १९७६ साली फेअरफॅक्सजवळ रिपॅक नावाच्या उतारावरच्या शर्यती सुरू झाल्या आणि माउंटन बाइकिंगचा मोठा इतिहास तिथून पुढे घडला. रिफ्ट झोनला मॉडेलच्या वर्षाप्रमाणे मागे १२५ किंवा १३० मिमी आणि पुढे १३० किंवा १४० मिमी ट्रॅव्हल येतो. हेड अँगल (हँडलच्या नळीचा कोन, जितका कमी तितकी सायकल उतारावर स्थिर) सिस्किऊसारखाच ६५.५ अंशांच्या आसपास, त्यामुळे उतारावर दोघीही आश्वासक, पण रिफ्ट झोन जास्त खेळकर आहे, छोट्या उंचवट्यावरून पटकन उडते, डेमो फॉरेस्टच्या फ्लो ट्रेलसारख्या (सलग वळणं आणि उंचवटे बांधलेल्या) ठिकाणी तिच्यावर जी मजा येते ती सिस्किऊवर थोडी कमीच येते असं मला वाटतं. कमजोरी म्हणजे बेस मॉडेलचे पार्ट. ब्रेक दोन पिस्टनचे, फोर्क साधा, आणि २०२१च्या आसपासच्या बेस मॉडेलला ड्रॉपरही यायची नाही, म्हणजे वरून दीड-दोनशे डॉलर धरा. त्यामुळे जमलं तर एक पायरी वरचं मॉडेल घ्या, फ्रेम इतकी चांगली आहे की पैसे वाया जात नाहीत.

स्टान्सबद्दल थोडक्यात. मागे १२० मिमी, पुढे १३०, फ्रेमच्या मागच्या नळ्याच थोड्या लवतात म्हणून पिव्हट कमी आणि देखभालही कमी. अरास्ट्राडेरो किंवा चायना कॅम्पसारख्या सौम्य ट्रेलवर ती आरामात चालते, चढावर तर छानच. पण जॉमेट्री जुन्या वळणाची आहे, हेड अँगल बाकी दोघींपेक्षा उभा, आणि तुम्ही सहा महिन्यांत सुधारलात तर तीव्र उतारावर तीच तुम्हाला मागे खेचायला लागेल. घ्यायचीच तर मागे थ्रू-ॲक्सल (चाकातून आरपार जाणारा जाड आस) आहे ना एवढं बघून घ्या. वजनाचा प्रश्न तिघींपैकी एकीनेही सुटत नाही, सगळ्या १५ किलोच्या आगेमागे.

चौथा पर्याय सेकंडहँड, आणि माउंटन बाइक कंपन्यांचं गाव सांताक्रूझ शेजारी असल्यामुळे इकडे तो जोरात आहे, तीन-चार वर्षं जुनी आयबिस कंपनीची रिपमो एएफ मिळाली तर या तिघींपेक्षा सरस. पण बघायला जाल तेव्हा घाई नको. सीट धरून सायकल हळूच वर उचला आणि खाली सोडा, मागचं चाक टेकताना 'टक्' असा ढिला आवाज आला तर शॉकचं बुशिंग किंवा पिव्हटचं बेअरिंग गेलंय. फोर्कच्या चकचकीत नळ्यांवरून नख फिरवा, नख अडकलं तर तो ओरखडा सील (नळीभोवतीचं रबरी पॅकिंग) खाणार. मग टॉर्च लावून खालच्या बाजूला पेडलच्या आसाजवळची वेल्डिंग बघा, रंगात केसाएवढी रेघ दिसली तरी नमस्कार करून घरी या.

कुठलीही घेतलीत तरी सॅग (तुमच्या वजनाने सस्पेन्शन किती दबावं ते) लावल्याशिवाय ट्रेलवर नेऊ नका. पाण्याची बॅग पाठीला लावून, भिंतीला टेकून सायकलवर सावकाश बसा, आधी शॉकवरचं रबरी रिंगण सीलला टेकवून ठेवा, मग न उसळता उतरा आणि रिंगण किती सरकलं ते मोजा. शॉकचा स्ट्रोक (शॉक स्वतः जास्तीत जास्त किती दबतो ते) ५० मिमी असेल तर १३ ते १५ मिमी सरकायला हवं. कमी सरकलं तर शॉक पंपाने हवा काढा, जास्त सरकलं तर भरा. मागच्या सस्पेन्शनचा अर्धा ट्रॅव्हल कधी वापरलाच जात नाही अशी तक्रार करणाऱ्यांचं बऱ्याचदा एवढंच राहिलेलं असतं.

सर्व्हिसचा खर्चही आत्ताच धरा. फॉक्स दर १२५ तासांनी किंवा वर्षातून एकदा पूर्ण सर्व्हिस सांगते, रॉकशॉक्स ही दुसरी सस्पेन्शन कंपनी फोर्कच्या खालच्या भागाची दर ५० तासांनी. उन्हाळ्यात इथे ट्रेलवर पिठासारखी धूळ असते, ती सीलमध्ये बसते, त्यामुळे हे टाळून चालत नाही. पुढेमागे पुण्याला परत जायचा विचार असेल तर शिमानोचे पार्ट तिकडे मिळतील, सस्पेन्शनचे सील किट मात्र निघण्याआधी इथूनच घेऊन ठेवा.

आणि सव्वादोन हजार आहेत म्हणून सगळे सायकलवरच घालू नका. शॉक पंप, ट्यूबलेस टायरमध्ये घालायचं सीलंट, नी-पॅड आणि डोक्याचा मागचा भाग झाकणारं हेल्मेट यासाठी अडीच-तीनशे डॉलर बाजूला ठेवा, आणि उरलेल्यात वरच्यापैकी जी बसते ती घ्या.