सड्यावरचा टॉवर आणि घरावरची डिश : वायरलेस इंटरनेटचा चौदा महिन्यांचा अनुभव

देवगड तालुक्यातल्या आमच्या वाडीत फायबर अजून पोहोचलेले नाही. ते ग्रामपंचायतीच्या कार्यालयापर्यंत येऊन थांबले आहे. मोबाइलची रेंज ओटीवर मिळते, माजघरात मिळत नाही. मुंबईतल्या एका पेढीचे हिशेबाचे आणि जीएसटी विवरणपत्रांचे काम मी गावी बसून करतो, त्यामुळे गेल्या वर्षी जानेवारीत तालुक्यातल्या एका छोट्या पुरवठादाराकडून वायरलेस जोडणी घेतली. त्याचे आणि उपकरणांच्या कंपनीचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे लिहिलेल्या बहुतेक गोष्टी या धंद्यातल्या कोणालाही लागू पडतील.

जोडणीची रचना सोपी आहे. चार किलोमीटरवरच्या सड्यावर, म्हणजे उंचावरच्या कातळपठारावर, पुरवठादाराचा टॉवर आहे, त्यावर 5 गिगाहर्ट्झचा अँटेना आहे आणि आमच्या स्लॅबवर जीआय पाइपाला बांधलेली छोटी डिश त्याच्याकडे तोंड करून बसली आहे. डिशला वेगळी वायर लागत नाही. घरातल्या 24 व्होल्टच्या ॲडाप्टरमधून नेटवर्कच्याच केबलने वीज वर जाते. वेग 50 एमबीपीएसचा ठरला होता आणि बसवल्या दिवशी तो पुरेपूर मिळाला. त्या दिवशीचा सिग्नल वजा 58 डीबीएम होता (हे सिग्नलची ताकद मोजण्याचे एकक; आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला). तो आकडा मी कॅलेंडरवर लिहून ठेवला आणि पुढे त्याचा फार उपयोग झाला. जोडणी घेणाऱ्या प्रत्येकाने हे करावे.

पावसाळ्यात नेट बंद पडणार, असे सर्वांनी बजावले होते. प्रत्यक्षात 5 गिगाहर्ट्झच्या लहरींना पावसाची फारशी अडचण होत नाही. धुवाधार सरींतही चार किलोमीटरच्या अंतरात एक-दोन डेसिबलच घट होते, आणि आषाढातल्या भर पावसात माझा आकडा वजा 60 च्या खाली गेला नाही. नेट गेले ते लाइट गेल्यामुळे. माझ्याकडे इन्व्हर्टर होता, टॉवरवर बॅटऱ्या होत्या, पण सड्यावर लाइन तुटली की ती जोडायला कधी कधी दुसरा दिवस उजाडतो आणि बॅटऱ्या सात-आठ तासांत मान टाकतात. चौदा महिन्यांतल्या बंदच्या नोंदी मी ठेवल्या आहेत आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक याच कारणाच्या आहेत. पुरवठादाराने दिवाळीनंतर सौर पॅनेल बसवले, तेव्हापासून या प्रकारची एकच नोंद झाली आहे.

दुसरे दुखणे खाऱ्या हवेचे होते. ऑगस्टमध्ये नेट दिवसातून दहादा तुटू लागले, तेव्हा डिशमधला प्लग काढून पाहिला. त्याच्या पिनांवर हिरवा गंज चढला होता. केबल उतरताना तिला खाली झोळ दिलेला नव्हता, त्यामुळे पाणी केबलवरून ओघळत थेट प्लगात शिरत होते. शिवाय ती केबल अस्सल तांब्याची नव्हती, ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली होती. अशी केबल स्वस्त पडते, पण लांबवर वीज नेताना तिच्यात व्होल्टेज जास्त पडते आणि उघड्यावर ती लवकर कुजते. मी स्वतःच्या खर्चाने बाहेर वापरायची, पूर्ण तांब्याची केबल आणून दिली आणि ती झोळ देऊन बांधून घेतली. त्यानंतर त्या जागी पुन्हा हात लावावा लागलेला नाही.

नोव्हेंबरमध्ये सिग्नल वजा 71 वर उतरला आणि वेग 12 एमबीपीएसवर आला. कोणतेही उपकरण बिघडलेले नव्हते. घरापासून तीनशे मीटरवर चुलतभावाचे हापूसचे कलम आहे आणि पावसाळ्यानंतर त्याला भरगच्च पालवी फुटली होती. डिशमागे उभे राहून पाहिले तर टॉवर स्पष्ट दिसत होता, म्हणून मी आधी कलमाला दोष द्यायला तयार नव्हतो. पण रेडिओलहरींना डोळ्यांना दिसणारी रेघ पुरत नाही, त्या रेघेभोवती एक फुगीर मोकळी जागा लागते. चार किलोमीटरच्या जोडणीत तिची त्रिज्या मध्यावर सुमारे सात मीटर असते आणि कलमाच्या ठिकाणी पावणेचार मीटर भरते. शेंडे त्या जागेत घुसले होते. पाइप दीड मीटरने उंच केल्यावर आकडा वजा 64 झाला. डिसेंबरात दुसऱ्या एका पुरवठादाराने त्याच सड्यावर अँटेना लावल्यामुळे संध्याकाळी पुन्हा गडबड सुरू झाली. 2018 च्या ऑक्टोबरात केंद्र सरकारने 5 गिगाहर्ट्झमधला 605 मेगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त केला, म्हणून तर हे छोटे धंदे उभे राहिले. पण परवाना नाही म्हणजे दुसऱ्याच्या लहरींपासून संरक्षणही नाही. दोघांनी समजुतीने लहरींच्या वाहिन्या (चॅनल) वाटून घेतल्या, तेव्हा प्रश्न सुटला.

सुरक्षेचा विषय मात्र माझ्या डोक्यात सुरुवातीला नव्हता. तो विजेमुळे आला. ऑक्टोबरच्या गडगडाटात एका रात्री केबलमधून आलेल्या झटक्याने घरातल्या राउटरचे पोर्ट जळले. डिश वाचली. झटका अडवणारे छोटे उपकरण पुरवठादाराने बसवले होते, पण त्याचे अर्थिंग कातळात दोन फूट ठोकलेल्या सळईला जोडलेले होते आणि कोरड्या कातळात अर्थिंग नावापुरतेच असते. आता सळई न्हाणीच्या पाण्यावर वाढणाऱ्या माडाच्या आळ्यात आहे. नवा राउटर यायला तीन दिवस लागणार होते आणि विवरणपत्राची मुदत तोंडावर होती, म्हणून मी लॅपटॉप थेट ॲडाप्टरला जोडला. नेट सुरू झाले, पण लॅपटॉपच्या नेटवर्कच्या यादीत माझ्या घरात नसलेली एक वस्तू दिसली. तो कोणाच्या तरी घरातला कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर होता. मी तो उघडला नाही; पण मला तो दिसतो, तर माझा लॅपटॉपही कोणाला तरी दिसत असणार, आणि त्यात मुंबईतल्या चाळीसएक व्यापाऱ्यांचे हिशेब होते.

त्याच आठवड्यात चुलतभावाकडे गेलो असता त्याच्या ॲडाप्टरवर मार्करने लिहिलेला पासवर्ड पाहिला. माझ्या ॲडाप्टरवरही तोच होता. तंत्रज्ञाला प्रत्येक घरी डिशमध्ये शिरणे सोपे जावे म्हणून सगळ्या वाडीला एकच पासवर्ड दिलेला होता आणि माझ्या डिशचे फर्मवेअर, म्हणजे तिच्या आत चालणारी प्रणाली, बसवल्या दिवसापासून तेच होते. मी तंत्रज्ञाला विचारले तेव्हा तो सरळपणे म्हणाला, "काका, चलता हा मां, मगे हात कित्याक लावचो?" त्याची भीती अगदी खोटी नाही. फर्मवेअर बदलत असताना लाइट गेली तर डिश निकामी होऊ शकते, आणि मग शेवाळलेल्या स्लॅबवर चढायचे ते त्यालाच.

पण हात न लावण्याची किंमत जगाने मोजलेली आहे. 2016 च्या मे महिन्यात युबिक्विटी या वायरलेस उपकरणांच्या कंपनीच्या डिशमधून एक संगणकी किडा पसरला. ज्या त्रुटीतून तो शिरला ती कंपनीने 2015 च्या जुलैतच दुरुस्त केली होती; ज्यांनी फर्मवेअर बदलले नव्हते त्यांच्याकडे तो पासवर्डाशिवाय शिरला, एका डिशवरून दुसरीवर गेला आणि अनेक पुरवठादारांच्या माणसांना घरोघरी छपरांवर चढावे लागले. 2018 च्या एप्रिलमध्ये मायक्रोटिक या कंपनीने आपल्या राउटरमधली एक गंभीर त्रुटी बुजवली, तरी ऑगस्टपर्यंत दोन लाखांच्या आसपास राउटर कोणाच्या तरी आभासी चलनाची खाण चालवण्यासाठी राबवले जात होते. त्याची सुरुवात ब्राझीलमध्ये झाली. मला त्याहून बोधक वाटते ते 2021 चे मेरिस प्रकरण. त्या सप्टेंबरात मोठमोठ्या संकेतस्थळांवर मारा करणाऱ्या टोळधाडीत हेच राउटर निघाले, आणि कंपनीने स्पष्ट केले की 2018 मध्ये पासवर्ड चोरीला गेला असेल तर नुसते फर्मवेअर बदलून भागत नाही, पासवर्डही बदलावा लागतो. आपल्याकडे 2017 च्या जुलैत बीएसएनएलचे कर्नाटकातले हजारो मोडेम बंद पडले, तेही कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच राहिल्यामुळे. ते तारेवरचे होते, वायरलेस नव्हते, पण दुखणे एकच.

बँकेचे व्यवहार संकेतस्थळापासून ब्राउझरपर्यंत कूटबद्ध असतात, त्यामुळे डिश ढिली असली म्हणून लगेच खाते रिकामे होत नाही, हे घाबरणाऱ्यांनी लक्षात घ्यावे. आणखी एक आडोसा योगायोगाने मिळतो. छोटे पुरवठादार शेकडो घरांना मिळून इंटरनेटवरचे थोडेच सार्वजनिक पत्ते वापरतात, त्यामुळे बाहेरच्याला आपला राउटर सहसा थेट सापडत नाही. मात्र त्याच टॉवरवरच्या शेजाऱ्याला हा आडोसा अडवत नाही. माझ्या मुंबईच्या भावाला गावच्या घराचे कॅमेरे तिथून पाहायचे होते, तेव्हा तंत्रज्ञाने जादा पैसे घेऊन स्वतंत्र सार्वजनिक पत्ता आणि उघडे पोर्ट, म्हणजे बाहेरून आत शिरण्याची वाट, देऊ केले. मी नाही म्हटले. भाऊ अजून नाराज आहे.

पुरवठादाराला मी लेखी पत्र दिले आणि त्यात तीनच मागण्या केल्या. एका टॉवरवरचे ग्राहक एकमेकांना दिसू नयेत अशी सोय टॉवरच्या उपकरणात असतेच. ती त्याने फोनवर बोलता बोलता पाच मिनिटांत सुरू केली, याचे मला कौतुक वाटले आणि इतके महिने ती बंद होती याचा रागही आला. डिशचे फर्मवेअर माझ्या इन्व्हर्टरवर, एका कोरड्या सकाळी बदलून झाले. पासवर्ड माझ्यापुरता वेगळा झाला आहे. बाकीच्यांचा टप्प्याटप्प्याने बदलू, असे तो म्हणतो. चुलतभावाच्या ॲडाप्टरवर गेल्या आठवड्यापर्यंत जुनाच पासवर्ड होता. तो मी पुसून टाकला, पण नुसते पुसल्याने काही होत नाही हे मलाही कळते. माझ्या राउटरचा पासवर्ड मी स्वतः ठेवला आहे, बाहेरून त्यात शिरण्याची वाट बंद केली आहे आणि कॅमेरे कामाच्या लॅपटॉपपासून वेगळ्या नेटवर्कवर टाकले आहेत.

महिना 600 रुपये अधिक 18 टक्के जीएसटी, या दरात मला हे नेट परवडते आणि रेडिओच्या भागाबद्दल माझी तक्रार नाही. वर्षाचे पैसे एकदम भरले तर सवलत आहे, पण मी यंदा सहा महिन्यांचेच भरले. बाकीच्या घरांचे पासवर्ड बदललेले दिसले की उरलेले भरीन, असे पुरवठादाराला सांगितले आहे. कलमाचे शेंडे छाटायला चुलतभाऊ तयार आहे, मात्र यंदा मोहर चांगला धरला असल्याने मेअखेर आंबा उतरल्याशिवाय कोयता लावू देणार नाही. तोवर वजा 64 वर काम चालवायचे आहे.